महाराजांना पुस्तक सुचवायचं होतं

"तीन दिवस," रणधवल महाराज म्हणाले. "तीन दिवसांत आम्हाला असं एक पुस्तक सुचव, जे आम्ही हातातून खाली ठेवणार नाही. नाही जमलं, तर तुमच्या दुकानात चंपाकळी राहायला येईल."

चंपाकळी म्हणजे महाराजांची हत्तीण. तिला उन्हाचा त्रास व्हायचा, आणि अख्ख्या तळेगडात तळ्याकाठी, गार सावलीत एकच इमारत होती: नारोपंतांचं पुस्तकांचं दुकान. सरळ हिसकावून घ्यायला महाराजांना लाज वाटत होती, म्हणून ही पैज.

नारोपंत मटकन खाली बसले. पण महाराज बोलत होते दुकानातल्या नोकर मुलीशी. पुस्तकं बांधणाऱ्या जिनगराची ती मुलगी, नाव सगुणा. दुकानातल्या प्रत्येक पुस्तकात ती स्वतःच्या हाताने चिठ्ठी घालायची. 'सासूशी भांडण झालं असेल तर हे वाचा. पुढच्या खेपेला उपयोगी पडेल.' किंवा, 'जाड आहे, पण झोप येत नाही. मी आडवी होऊन खात्री केली आहे.' चावडीवर लावलेला महाराजांचा हुकूम गावात कुणी ढुंकून बघत नसे, सगुणाची चिठ्ठी मात्र सगळे वाचत. महाराजांचं खरं दुखणं हेच होतं, उगाच कशाला हत्तिणीवर ढकला.

"आणि हो," महाराज म्हणाले, "आम्हाला काय आवडतं ते आम्हाला विचारायचं नाही. राजवाड्यात कुणालाही विचारायचं नाही. पुस्तक आवडलं की नाही, ते आम्हीच सांगू."

"म्हणजे परीक्षा घेणारे आपण आणि नापास करणारेही आपणच?" सगुणा म्हणाली.

"मग राजा कशाला झालो?"

"बरं. आजवर आमच्याकडून राजवाड्यावर गेलेली पुस्तकं तेवढी पाठवून द्या. पुस्तकांना विचारायला तर मनाई नाही ना?"

"विचार, खुशाल विचार," महाराज पोट धरून हसले. "काय सांगतात ते आम्हालाही कळव."

संध्याकाळी बैलगाडी भरून चाळीस पुस्तकं आली. नारोपंत डोळे पुसत सामान बांधायला लागले होते. सगुणा दारातल्या उजेडात बसून एकेक पान उलटत होती.

"काका, रडणं थांबवा आणि इकडे या. याचा वास घ्या."

नारोपंतांनी पुस्तक नाकाशी धरलं. "साजूक तूप?"

"बेसनाचा लाडू. महाराज एका हाताने खातात आणि दुसऱ्या हाताने वाचतात. मधूनच हात बदलतात. आता बघा, हा राजनीतीचा ग्रंथ. सहाशे पानं, सगळी कोरी करकरीत. फक्त मधल्या सात पानांवर तुपाची बोटं. त्या सात पानांत काय आहे? एक चोर खजिन्यापर्यंत भुयार खणतो. हे तीर्थयात्रेचं वर्णन. देवळांच्या पानांना बोटसुद्धा लागलेलं नाही. घाटावर चोरांनी बैलगाडी लुटली, ते पान मात्र तुपाने पारदर्शक झालंय."

"म्हणजे महाराजांना चोर आवडतात?"

"जीव की प्राण."

"आवडणारच," नारोपंत पुटपुटले. "दुकान चोरायला निघालाय स्वतः."

सगुणाने फळीवरून एका चोराची गोष्ट काढली. दाभण घेऊन तिने शिवण उसवली, एक पान अलगद सोडवलं आणि पुस्तक पुन्हा शिवून टाकलं. आत चिठ्ठी घातली: 'महाराज, हे वाचताना लाडू घेऊन बसू नये. लाडू वाया जातात.' दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक राजवाड्यावर गेलं.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. चंपाकळीला झूल घालून थेट दरबारात आणून उभं केलं होतं. ती आजूबाजूच्यांची पागोटी हुंगत होती. महाराज सिंहासनावर बसले होते, पण एका जागी बसवत नव्हतं. सारखी चुळबूळ चालली होती.

"भिकार पुस्तक," महाराजांनी जाहीर केलं. "चार पानं चाळली आणि ठेवून दिलं. दुकान रिकामं करा."

सगुणाने पुस्तक मागून घेतलं आणि उघडलं. नवव्या पानापर्यंत तुपाची बोटं होती, पुढे एकही नाही.

"बघितलंस?" महाराज म्हणाले. "नवव्या पानावर सोडलं."

"नवव्या पानावर लाडू सोडलात, महाराज. पुस्तक नाही."

म्हातारे दिवाण खाकरले. "काल सरकारांचं ताट तीनदा परत आलं खरं."

"पोट बिघडलं होतं आमचं!" महाराज खेकसले. दिवाण आपल्या जोड्यांकडे बघायला लागले.

"असेल," सगुणा शांतपणे म्हणाली. "महाराज म्हणतात वाचलं नाही, म्हणजे नाही वाचलं. मग हे शेवटचं पान काही कुणाला नको." तिने पदराआडून घडी केलेलं पान काढलं. "दुकानाची मालकीण आता चंपाकळी. तिलाच खाऊ घालते."

चंपाकळीने खुशीत सोंड पुढे केली. पान सोंडेच्या टोकाला लागलं मात्र, महाराज सिंहासनावरून उठले, पायऱ्या उतरताना एक जोडा मागे राहिला, आणि तसेच धावत येऊन त्यांनी दोन्ही हातांनी सोंड धरली.

"सोड, बाई, सोड! तो कणगीत लपलाय! पहारेकऱ्याने झाकणाला हात घातलाय! कालपासून तसाच उभा आहे तो मेला!"



"कोण उभा आहे, महाराज?" सगुणाने विचारलं. "आपण तर वाचलं नव्हतं."

महाराज एका पायात जोडा घालून उभे. त्यांनी सगुणाकडे पाहिलं, हत्तिणीकडे पाहिलं, आणि पान हिसकावून तिथेच वाचलं. कणगीत काय झालं ते मी सांगणार नाही, पुस्तक दुकानात मिळतं. पण महाराज इतके हसले की त्यांना आधाराला चंपाकळीचा पाय धरावा लागला.

"हरलो," ते डोळे पुसत म्हणाले. "दुकान तुमचं, कायमचं. चंपाकळीला दुकानाशेजारी मांडव घालून देतो. तुला काय हवं ते माग, पोरी."

"आपल्या हातची एक चिठ्ठी," सगुणा म्हणाली. "या पुस्तकात घालायला."

महाराजांनी बोरू मागवला, बराच विचार केला आणि लिहिलं: 'जरूर वाचा. पण घेताना शेवटचं पान आहे की नाही ते बघून घ्या.'

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे तळ्यापर्यंत रांग लागली. महाराजांचा हुकूम तळेगडात सगळ्यांनी वाचला, तो तेव्हा पहिल्यांदा.