पाणपोईची साखळी

"माणूस मुळात चोर की साव? एवढं एकदा सांगा बाबा, म्हणजे मी सुटलो."

प्राध्यापक देवणीकरांनी हे विचारलं तेव्हा दौलतशा बाबा रांजणाला ओलं फडकं गुंडाळत होते. त्यांनी फडक्याची गाठ मारली, दुसरी मारली, आणि मगच मान वर केली.

"कोन माणूस?"

"कोणी एक नाही. माणूस. सगळी माणसं."

"सगळी मला कुठं ठावं हायेत, मास्तर…"

नाव दौलतशा. दौलत म्हणाल तर एक घोंगडी, एक चिमटा आणि कासारघाटाच्या माथ्यावरचा हा तकिया. फकिराची झोपडी, समोर आड आणि आडाच्या पाण्यावर चालणारी पाणपोई. घाट चढून आलेला माणूस इथं थांबायचा, पाणी प्यायचा आणि वाटेला लागायचा. बाबा बोलले तर बोलले, नाहीतर नाही.

देवणीकर मात्र बोलण्याचेच धनी. जिल्ह्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. दर उन्हाळ्यात चार दिवस बाबांकडे राहायला यायचे आणि चारही दिवस बाबांनाच शिकवून जायचे. बाबांची काही तक्रार नव्हती.

यंदा मात्र त्यांच्या पिशवीत एक अहवाल होता. सरकारनं त्यांना एका समितीचं अध्यक्ष केलं होतं. बारा गावांत उन्हाळ्यात टँकरचं पाणी टाकीत ओततात. त्या टाक्यांच्या नळांना कुलूप घालायचं, घरटी कार्ड द्यायचं, नळावर पहारेकरी बसवायचा. योजना त्यांचीच होती. सही तेवढी राहिली होती, आणि अहवाल सोमवारी द्यायचा होता.

सही राहिली ती आत्यामुळे. बारांतलं एक गाव त्यांचं स्वतःचं, आणि तिथं त्यांची म्हातारी आत्या एकटी राहायची. मागच्या आठवड्यात ती त्यांना म्हणाली होती, "आमच्या नळाला कुलूप घालणार म्हणे तू? आम्ही काय चोर आहोत रे?" तेव्हापासून पेन उघडलं की तिचा आवाज कानात यायचा. शिकलेल्या माणसाला अशा गोष्टींचा फार राग येतो.

"तुला काय वाटतं?" बाबांनी विचारलं.

"मला वाटत नाही, मला दिसतं. गेल्या वर्षी मी तुमच्या पाणपोईला स्टीलचे ग्लास दिले होते. दोन डझन. वडिलांचं नाव कोरून. त्यातला एक तरी आज दाखवा."

बाबांनी फळीकडे पाहिलं. फळीवर ग्लास पालथे घातलेले होते. स्टीलचे होते, दोन पितळी होते, एक कडा उडालेला चिनी मातीचा मग होता.

"हे हायेत की."

"हे माझे नाहीत, बाबा."

"पानी पिता येतं त्यातनं."

देवणीकर हसले. वर्गातल्या ढ मुलाचं उत्तर ऐकून हसावं, तसे.

"एकच ग्लास ठेवा. त्याला साखळी लावा. फुकट वस्तूला मालक नसला की ती जाणारच. हे शास्त्र आहे."

"मग लाव."

"मी?"

"शास्त्र तुझं हाय."

देवणीकरांना हुरूप आला. ते लगेच गाडी घेऊन घाटाखालच्या बाजारात गेले. साखळी आणली, खिळा आणला, तार आणली, दुकानातून पकड मागून आणली. एक ग्लास साखळीला तारेनं आवळून बांधला. बाकीचे सगळे पोत्यात भरून झोपडीत ठेवले. रिकाम्या फळीवर एक पाटी रंगवून ठेवली. 'ग्लास नेऊ नये. नेल्यास कारवाई होईल.'

कारवाई कोण करणार, ते पाटीवर नव्हतं. फकीर तर करणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवणीकर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले.

पहिला आला तो टरबुजांचा टेम्पो. ड्रायव्हर उतरला, पाणी प्यायला. पाटी वाचली. मग खुर्चीतल्या देवणीकरांना न्याहाळलं. आडाकडे दोन पावलं गेला आणि थांबला.

"सरकारी झाली वाटतं पाणपोई," तो म्हणाला आणि निघून गेला.

मग मजुरीला निघालेल्या बाया आल्या. मग वऱ्हाडाची जीप आली. सगळे प्यायले. ग्लास हातातून सोडला की साखळीवर लोंबत राही, कधी मातीत टेके. विसळून पालथा घालायला आता फळीच मोकळी नव्हती, तिथं पाटी होती.

देवणीकर मनातून खूश होते. ग्लास जागच्या जागी होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक मोटारसायकलवाला रांजणात ओणवा झाला आणि तिथूनच ओरडला.

"ओ साहेब! पाणी संपलं की!"

हॉटेलात पोऱ्याला हाक मारावी तशी हाक होती ती. देवणीकरांनी इकडेतिकडे पाहिलं. बाबा झोपडीच्या दारात घोंगडीला टाके घालत बसले होते.

"बाबा, रांजण कोण भरतं?"

"भरत व्हते."

"कोण?"

"पिनारे."

देवणीकरांना आता आठवलं. इतकी वर्षं ते इथं येत होते, इतकी वर्षं पाहत होते आणि एकदाही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पाणी प्यायलेला माणूस आडावर जायचा, पोहरा सोडायचा, एक घागर शेंदून रांजणात ओतायचा आणि मग निघायचा. कोणी सांगितलेलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. पुढचा जे करी, ते मागचा करी.

"मग आज का नाही कोणी भरलं?"

"आज मालक आलाय…"

मोटारसायकलवाला खोळंबला होता. देवणीकर उठले. खडू धरायची सवय असलेल्या हातांनी त्यांनी पोहरा सोडला. आड खोल होता. चौथ्या घागरीला तळव्याला फोड आला, आणि तो फुटला तेव्हा रांजण अजून अर्धाही झाला नव्हता.

"जरा हात चालवा साहेब, ऊन लागतंय," मोटारसायकलवाला सावलीतून म्हणाला.

बाबांनी दोरा दातानं तोडला.

दुपार कलली तेव्हा एक रिक्षा येऊन थांबली. आत एक म्हातारी आडवी होती, पायाला प्लास्टर. तिचा मुलगा रांजणापाशी आला. त्यानं ग्लास भरला आणि रिक्षाकडे वळला. साखळीनं हिसका दिला. निम्मं पाणी त्याच्याच धोतरावर सांडलं.

"साहेब, आईला उतरता येत नाही. एवढा सोडता का?"

देवणीकर तार सोडवायला बसले. ती त्यांनीच पकडीनं पिळली होती, आणि पकड त्याच संध्याकाळी बाजारात परत देऊन आले होते. फोड फुटलेल्या हातांनी ती काही सुटेना. रिक्षातून म्हातारीचं "पाणी, पाणी" ऐकू येत होतं. शेवटी ते झोपडीत गेले आणि पिशवीतून स्वतःचा ग्लास घेऊन आले. पाणपोईच्या ग्लासानं ते कधी पीत नसत. उष्टं त्यांना चालत नसे. घरचा ग्लास नेहमी बरोबर असायचा.

म्हातारी दोन ग्लास प्यायली. मुलानं ग्लास विसळला, पुसला आणि परत देता देता त्यावरचं नाव वाचलं.

"'चि. भागीरथी हिला मामाकडून, सावरगाव.' भागीरथी म्हणजे तुमच्या मातोश्री का?"

"नाही."

"मग बहीण?"

"नाही…"

"मग कोण हो?"

देवणीकरांनी ग्लास हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. रोज सकाळी याच ग्लासानं ते पाणी पीत आले होते, आणि नाव आज पहिल्यांदा वाचत होते. सावरगावात त्यांचं कोणी नव्हतं. भागीरथी नावाची बाई त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती.

तो मुलगा हसला आणि आडाकडे गेला. त्यानं पोहरा सोडला, घागर भरली, रांजणात ओतली. मग रिक्षात बसून निघून गेला.

देवणीकर त्या ओल्या रांजणाकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

सकाळी उठून पाहतात तर साखळी होती. ग्लास नव्हता. तार कोणीतरी कापली होती.

खरं सांगायचं तर देवणीकरांना बरं वाटलं. कालपासून पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं होतं, ती पुन्हा जागेवर आली.

"बघा बाबा! साखळी असूनही नेला! आता तरी माणूस चोर आहे म्हणाल की नाही?"

बाबांनी कापलेली तार उचलली. टोकावरून बोट फिरवलं.

"वर्सभरात तुझे दोन डझन गेले. तोडून कुनी नेला न्हवता."

"म्हणजे?"

"ह्यो तोडून नेला."

देवणीकरांनी तार हातात घेतली.

"भागीरथी कोन रं?" बाबांनी विचारलं. कालचं सगळं त्यांनी टाके घालता घालता ऐकलं होतं.

"माहीत नाही."

"ग्लास घरात कधीपास्नं?"

"आईच्या वेळेपासून असेल."

"तुझ्या आईनं चोरला व्हता?"

"छे हो बाबा! काय बोलता!" देवणीकर तटकन् बोलले. माझी आई आणि चोर? रागानं त्यांचे कान तापले. "कुठल्या तरी लग्नात, पंगतीत, इकडचा तिकडे झाला असेल. भांडी अशी होतातच अदलाबदल. आमचेही गेले असतील कोणाकडे…"

बोलता बोलता ते थांबले.

बाबा आत गेले आणि पोतं घेऊन आले. एकेक ग्लास काढून देवणीकरांच्या हातात देऊ लागले.

"वाच. मला येत न्हाई."

देवणीकर वाचू लागले. "'तुळशीराम नागोबा सुतार.' 'कबड्डी स्पर्धा, दुसरा क्रमांक.' 'सौ. चंद्रभागा हिच्या डोहाळजेवणाप्रीत्यर्थ.' 'हमीदाबी, माहेरकडून.' यावर नाव नाही. हा पितळी… अक्षरं झिजली आहेत."

एकही ग्लास तकियानं विकत घेतलेला नव्हता.

"हे कोणी दिले तुम्हाला?"

"दिले न्हाईत. ऱ्हायले."

वारा सुटला, लिंबाची पिवळी पानं रांजणाच्या झाकणावर पडली. देवणीकर तसेच मातीत बसून होते, मांडीवर परक्यांचे ग्लास घेऊन. मग एकदम उठले. पिशवीतून अहवाल काढला, पेन काढलं. त्यांचा चेहरा फुलून आला होता.

"कळलं बाबा. माणूस साव आहे. आपणच त्याला चोर करतो. कुलूप नको, कार्ड नको, पहारेकरी नको. सगळं खोडून टाकतो. बाराही गावांत नळ मोकळे!"

"दोन दिसांत दोनदा माणूस ठरवलास, मास्तर."

पेन कागदावर टेकलं होतं, तिथंच थबकलं.

"तुझ्या दोन डझनातला एक बी परत आला न्हाई. ते बी खरं हाय."

"मग मी लिहू काय?" देवणीकरांचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत बाबांपुढं ते पहिल्यांदाच खरोखर काही विचारत होते. "सोमवारी सही करायची आहे मला. मी लिहीन तसं होणार आहे तिथं. टाकी रिकामी पडली तर लोक तडफडतील, आणि कुलूप घातलं तर… काल मी पाहिलंय काय होतं ते. माझी आत्या राहते तिथं, बाबा. एकटी आहे."

बाबांनी सगळे ग्लास विसळले आणि फळीवरची पाटी काढून तिथं पालथे घातले. मग खिळ्यावरची साखळी काढली, हातावर गुंडाळली आणि देवणीकरांच्या पिशवीत अहवालाशेजारी ठेवून दिली.

"तुझ्या घरी मानसं किती?"

"चौघं."

"माठ हाय?"

"आहे…"

"मग ही आधी तिथं बांध."