घराकडे वळलेली पावलं

खापरवाडीच्या टोकाला कुंभारांचं शेवटचं घर आहे आणि तिथून हाकेच्या अंतरावर मातीच्या खाणीवर झुकलेली एक जुनी चिंच. तिला हडळीची चिंच म्हणतात. मध्यंतरी कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ फिरवला. त्यात धुक्यात एक बाई रिकामी पाटी घेऊन चिंचेकडे उलटी चालत जाते. तेव्हापासून शहरातली पोरं गाड्या भरभरून येतात. रखमाजीआबा कुंभार त्यांना आधी खाली बसवतात.

"हडळ न्हाई बाबांनो, माझ्या पुतण्याची बायको हाय ती," ते सांगतात. "आमच्या बाया खाणीवर माती आणाया अशाच जातात. का, ते ऐका, मग खुशाल फोटू काढा."

फार पूर्वी त्या घरात भागूबाई नावाची कुंभारीण राहायची म्हणे. कामाला वाघ, जिभेला तिखट आणि मनानं संशयी. विकायचं प्रत्येक मडकं ती बोटानं वाजवून बघे. सून मात्र न वाजवताच घरात आली, ही तिची बोच होती. मुलगा हैबती मडकी घेऊन घाटाखालच्या बाजाराला गेला तो यमूशी लग्न लावूनच परतला. तिचं माहेर कुणी पाहिलेलं नव्हतं. यमू बोलायचीही कमी, त्यामुळे तिच्याबद्दल गावच जास्त बोलायचं.

वर्षाच्या आत यमूला मुलगा झाला. त्याच उन्हाळ्यात आव्यात भाजलेली मडकी तडकू लागली. भागूबाईला आधी मातीचा संशय आला, मग सरपणाचा, मग सुनेचा. भागूबाई आणि हैबती दिवसभर मडकी विकत हिंडायचे. यमू तान्ह्याला दारातल्या झोळीत ठेवून खाणीतून माती आणायची. एका संध्याकाळी परतताना भागूबाईची नजर वाटेवरच्या फुफाट्यावर गेली. चिंचेकडून घराकडे आलेली पावलं तेवढी होती. घराकडून चिंचेकडे गेलेलं एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तिनं ती वाट स्वतः झाडून काढली. संध्याकाळी पुन्हा तेच.

"मातीला गेली व्हतीस नव्हं?" तिनं साळसूदपणे विचारलं.

"गेले व्हते की, आत्याबाई."

हडळीची पावलं उलटी असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. सून वाढायला आली की भागूबाई भाकरीकडे न बघता तिच्या पायांकडे बघू लागली. पाय सरळच होते. 'घरात सरळ ठेवत असेल,' असं तिला वाटलं. नातू आईच्या कुशीत रडला तरी हिला वाटे, पोरानं काहीतरी ओळखलंय. शेवटी तिनं शेजारपाजार गोळा करून वाट दाखवली. हैबती मान खाली घालून उभा राहिला. असं का, हे यमूला कुणी विचारलंच नाही.

"जितनं आलीस तितं जा," म्हणत भागूबाईनं तिच्या हातातून पोर ओढून घेतलं.

यमू पाया पडली, पदर पसरला. मग लोकांनी धोंडे उचलले, तशी ती निघाली. पण निघाली तीही पाठमोरी. सासूच्या कडेवरच्या लेकरावर डोळे ठेवून एकेक पाऊल मागे टाकत ती चिंचेकडे गेली. "बघा, डोळ्यांदेखत उलटी चालली!" असं सगळे ओरडले. चिंचेपाशी ती दिसेनाशी झाली, असं सांगतात.

पुढे हैबतीला राहवेना. तो बायकोला शोधायला बाहेर पडला आणि घरात म्हातारी नि नातू उरले. पोटासाठी चाक फिरवायला हवं, चाकासाठी माती हवी. एका दुपारी भागूबाईनं पोराला झोळीत घातलं, पाटी उचलली आणि चिंचेकडे वळली. पोर रडलं. तिनं मागे पाहिलं आणि मग तिला पाठ फिरवताच येईना. पाठ फिरली आणि झाडावरच्या त्या बाईनं पोर उचललं तर? झोळीवर डोळे ठेवून म्हातारी मागे मागे सरकत निघाली. अर्ध्या वाटेत तिला आठवलं, यमूच्या बाळंतपणात आपणच तिला बजावलं होतं, "चिंचेकडं जाताना पोराकडं पाठ करू नगंस, हडळ टपलेली असती." तिनं खाली बघितलं. फुफाट्यात तिच्या पावलांची बोटं घराकडे होती.

ती तिथंच मटकन बसली. "यमू, चुकले गं माय, ये माघारी," असा तिनं टाहो फोडला. यमू माहेरी गेली म्हणावं, तर माहेर कुणाला ठाऊक? आबा म्हणतात, तिला हाकललं तेव्हा झाडावर कुणीच नव्हतं. आता नाही, असं मात्र ते छातीठोकपणे सांगत नाहीत, कारण चिंचेच्या वरच्या फांदीवरून त्या घराचं दार स्वच्छ दिसतं.

आजही कुंभारवाड्यात तान्ह्या मुलाची आई मातीला निघते, ती घराकडे तोंड करून, उलटी चालत. मग सासूनं हातातलं काम टाकून दारात यायचं, पोर मांडीवर घ्यायचं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगायचं, "मी हाय हितं, तू सरळ जा गं बाई." ते ऐकल्याशिवाय सून पाठ फिरवत नाही.