माळ तेवढाच होता

चूक वासुलाची होती. माळावरच्या यक्षाची नव्हती, बैलांची नव्हती, चालणाऱ्यांच्या नशिबाची तर मुळीच नव्हती. ती वासुल नावाच्या एका वयोवृद्ध, सन्मान्य, कपाळाला रोज गंध लावणाऱ्या गृहस्थाची होती. त्याचे वय आणि त्याचे गंध बघूनच इतकी वर्षे कोणी त्याला काही विचारले नाही.

पूर्वी कुंभवती नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व या वासुलाच्या बहिणीच्या पोटी जन्माला आला. त्याचे नाव सुजात. आईवडील लवकर गेल्यामुळे तो मामाच्या भोजनशाळेत चुलीपाशी वाढला आणि विशीत येईपर्यंत चांगला आचारी झाला. वासुलाला मूलबाळ नव्हते. भोजनशाळा पुढेमागे सुजाताचीच होणार, हे सगळ्या नगराला ठाऊक होते.

कुंभवतीच्या पलीकडे मोठा उजाड माळ होता. समुद्राकडून मीठ घेऊन येणारे तांडे तो माळ नऊ दिवसांत ओलांडत. वाटेत पाण्याची टाकी होती, पण खायला गवताच्या काडीखेरीज काही नव्हते. म्हणून प्रत्येक तांडा वासुलाकडून शिदोरी घेई. सातूच्या पिठात गूळ आणि तूप कालवून तांब्याच्या वाटीने त्याच्या मुदी पाडत. माणशी दिवसाला दोन मुदी, नऊ दिवसांच्या अठरा. भोजनशाळेच्या भिंतीवर गेरूने तसे लिहिलेच होते: ‘भरले पान, तीन मुदी भात. वाटेची शिदोरी, अठरा मुदी, नऊ दिवस.’ त्या वाटेवरची माणसे अंतरसुद्धा मुदींतच सांगत. अमुक टाके किती लांब, तर चार मुदींवर. तमुक टेकडी, तर सात मुदींवर. मूद ही त्यांना सूर्यासारखी पक्की वाटे. ती लहानमोठी असू शकते, असा विचारच कोणाच्या मनाला शिवला नव्हता.

गेल्या काही वर्षांत मात्र एक विलक्षण गोष्ट घडू लागली होती. सहाव्या मुदीला लागणारे टाके आता नवव्या-दहाव्या मुदीला लागे. अठरा मुदी संपत आणि माळ उरे. लोकांनी मुदी मोजल्या, त्या बरोबर अठरा भरल्या. मग त्यांनी सरळ निष्कर्ष काढला, की माळ वाढतो आहे. नगरातल्या पाच महाजनांनी सभा भरवली आणि माळाच्या तोंडाशी यक्षाचे देऊळ बांधले. बांधणीत पुढाकार वासुलाचा होता. दर पौर्णिमेला यक्षाला मुदींचा नैवेद्य दाखवून ‘बाबा, आता पुरे कर, वाढू नकोस’ अशी प्रार्थना होई. गेल्या उन्हाळ्यात एका तांड्यातले दोन म्हातारे माळावर बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा महाजनांनी नैवेद्य दुप्पट केला आणि आपले काम झाले असे मानून ते घरी जाऊन जेवले.

मुदी पाडायचे काम वासुल इतकी वर्षे स्वतः करी. त्या वर्षी त्याचा हात थरथरू लागला, म्हणून ती वाटी सुजाताकडे आली. पीठ कोठीत जरा जास्तच शिल्लक राहते, हे सुजाताला त्याआधीही दिसले होते. पण मामाला विचारायचे कसे, म्हणून तो गप्प बसला होता. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झाले, घरातल्या वडीलधाऱ्यांचा धाक त्यालाही होता. तो धाक नसता तर ते दोन म्हातारे कदाचित जिवंत असते.

एका सकाळी तिलका नावाच्या म्होरकीचा तांडा शिदोरी घेऊन माळावर उतरला. तीस माणसे, मिठाने लादलेले बैल, तिलकेचा सासरा हरिसेन आणि अंगावर पिणारे मूल घेतलेली तिची सून. दुसऱ्या दिवशी सुजात भांडी धूत असताना ती वाटी उकळत्या पेजेत पडली. त्याने ती चिमट्याने काढली तेव्हा आतून एक तांबूस गोळा सुटून खाली आला. ती लाख होती. वाळूच्या थरांसारखे तिचे एकावर एक नऊ थर होते. दर वर्षी चैत्राच्या आधी ‘वाटीची पूजा करतो’ म्हणून मामा ती घरी नेई, ते सुजाताला आठवले. वाटी बाहेरून तेवढीच राहिली होती. आतून ती दर वर्षी एकेका थराने भरत गेली होती.

सुजाताने रिकाम्या वाटीत कालची एक मूद घातली. मग दुसरी घालून दाबली. दोन्ही मावल्या तेव्हा कुठे वाटी काठोकाठ झाली.

तो तसाच मामाकडे गेला.

“मामा, ही वाटी बघा.”

“बघितली. तीस वर्षं बघतोय.”

“आत लाख होती.”

वासुल पान लावत होता. त्याने चुना नीट पसरला. “मग? भिंतीवर अठरा मुदी लिहिलंय. एखाद्याला सतरा दिल्या असतील तर सांग.”

“तिलकेचा तांडा काल उतरलाय. त्यांच्याजवळ निम्मंच अन्न आहे. भुकेनं ते जास्त खातील आणि पाचव्या दिवशी संपवतील. तिथून पुढंही चार दिवस, मागंही पाच.”

“माळ वाढतोय, त्याला मी काय करू?”

“मामा, हे तुम्ही मला सांगताय?”

वासुलाने विडा दुमडला. मग म्हणाला, “गेल्या वर्षी गेले ते म्हातारे होते रे. आज ना उद्या जायचेच.”

“तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहानच होते.”

सुजात तिथून निघाला आणि महाजनांकडे गेला. महाजन जेवायला बसले होते. त्यांना वासुलाच्या भोजनशाळेतूनच ताटे येत, आणि थोरामोठ्यांना मूद कसली वाढायची, म्हणून त्यांचा भात डावाने वाढला जाई. त्यामुळे मूद लहान झाल्याचे त्या पाचांपैकी एकालाही कधी जाणवले नव्हते. सुजाताने लाखेचा गोळा त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळे सांगितले. सर्वांत ज्येष्ठ भूतपाल याने घास संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि मग तोंड उघडले.

“पोरा, माळ वाढू नये म्हणून आम्ही इतकी वर्षं नैवेद्य दाखवतोय. माळ वाढलाच नाही म्हणालास, तर आम्ही एवढी वर्षं केलं काय?”

“यक्षाला मुदी कुठल्या वाटीनं पाडता?”

“वासुलाच्या. दुसरी आहेच कुठं?”

“मग तोही अर्धपोटी बसलाय.”

यावर कोणी हसले नाही. भूतपाल म्हणाला, “वासुल मान्य माणूस आहे. घाईनं त्याची अब्रू काढता येणार नाही. पौर्णिमेच्या सभेत विषय घेऊ.” पौर्णिमेला अकरा दिवस होते. एकाने सुजाताला, आलाच आहेस तर ताक वाढून जा, असे सांगितले.

सुजाताने ताक वाढले नाही. तो परत आला आणि मामासमोर उभा राहिला. “मला सातू, गूळ आणि चार गाढवं द्या. मी उद्या पहाटे निघतो.”

“माझ्या कोठीला हात लावलास तर या भोजनशाळेतली एक काडी तुला मिळायची नाही.”

“नको मला. ती तुमची तुम्हाला ठेवा. माझा वाटा म्हणून एवढंच द्या.”

वासुलाने भाच्याकडे नीट पाहिले. चुली, कोठ्या, अंगण, नावलौकिक हे सगळे एकीकडे आणि चार गाढवांवरचे पीठ दुसरीकडे. पोरगे मूर्ख आहे आणि सौदा स्वस्त आहे, असे त्याला मनापासून वाटले. त्याने शेजारच्या दोघांना साक्षीला बोलावून तसे वदवून घेतले आणि गाढवे दिली.

तांडा निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी उजाडताच बोधिसत्त्व माळावर उतरला. मिठाचे बैल सावकाश चालतात, गाढवे त्या मानाने झपाझप. वाटेत त्याला पुरलेली चूल दिसली, बैलांचे शेण दिसले आणि मुदी बांधलेल्या पळसाच्या पानांचा मोठा ढीग दिसला. लहान मुलाने चाटावीत तशी ती पाने स्वच्छ चाटलेली होती. ते पाहिल्यावर त्याने स्वतः खाणे बंद केले आणि चाल वाढवली.

सहाव्या दिवशी दुपारी त्याने तांडा गाठला. बैल उभे होते आणि माणसे बसली होती. एका दगडाला पाठ टेकून हरिसेन पाय पसरून बसला होता. त्याच्या शेजारी पाण्याचा एक घडा ठेवला होता. अन्न संपले की म्हाताऱ्यांनी मागे बसायचे आणि त्यांच्यापाशी एक घडा ठेवून बाकीच्यांनी पुढे जायचे, अशी या वाटेवर हल्ली रीतच पडली होती. म्हातारेही त्यात मोठेपणा मानू लागले होते. तिलका मात्र ते मानायला तयार नव्हती.

“उठा, मामंजी.”

“नाही उठत. माझ्या वाटणीच्या दोन मुदी राहिल्यात, त्या तुझ्या सुनेला दे. तिचं दूध आटलंय.”

“त्या मी कालच दिल्या. तुम्ही उठा.”

“माळ वाढलाय, पोरी. कुठवर चालशील मला घेऊन?”

तेवढ्यात गाढवे दिसली. तिलका उठून उभी राहिली आणि सुजाताला ओळखताच तिचे तोंड वाकडे झाले. “वासुलाचा भाचा ना तू? आता काय विकायला आलास इथं?”

“विकायला नाही. आधी तिला द्या,” असे म्हणून सुजाताने सातूचे पहिले भांडे सुनेच्या हातात दिले. मग त्याने तिलकेसमोर सोबत आणलेली ती वाटी ठेवली, पीठ कालवले आणि मूद पाडली. “तुमच्याजवळची एखादी उरलीय का?”

तिलकेने कमरेच्या फडक्यातून शेवटची मूद काढली. ती तिने कोणासाठी ठेवली होती, ते कोणी विचारले नाही. सुजाताने ती नव्या मुदीशेजारी ठेवली. एक नारळाएवढी नसली तरी चांगली बेलफळाएवढी होती. दुसरी तिच्यापुढे लिंबू वाटत होती.

“माळ वाढलेला नाही,” सुजात म्हणाला. “माळ तेवढाच आहे. मामानं वाटीत लाख ओतली होती. दर वर्षी एक थर.”

एकाने त्या दोन मुदी दोन हातांत घेऊन तोलून पाहिल्या. मग तिलकेने हळूच विचारले, “म्हणजे आम्ही चाललो ते बरोबर चाललो?”

“अगदी बरोबर. आज सहावा दिवस. पुढचं टाकं संध्याकाळपर्यंत लागेल, आणि नवव्या दिवशी गाव. नेहमीसारखंच.”

आधी तिलकेने वासुलाला आणि त्याच्या सात पिढ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. मग तिला हसू फुटले, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जात सगळ्या तांड्यात पसरले. इतकी वर्षे पायांखालची जमीन लांबत चालल्याचे भय घेऊन ही माणसे चालली होती. ते भय एका दुपारी गेले. जमीन जागच्या जागी होती. नुसत्या त्या विचाराने एकाने पागोटे काढून डोके खाजवले आणि तो चक्क आडवा होऊन झोपला.

हरिसेन दगडाला टेकूनच होता. तो जरा ओशाळून म्हणाला, “मग मी उठू का?”

“उठा, मामंजी,” तिलका म्हणाली. “तो डावीकडचा बैल सुटतोय, धरा त्याला.”

सगळा तांडा नवव्या दिवशी माळापलीकडच्या गावात पोचला. बैलांवरचे मीठ शाबूत होते, मूल रडत होते आणि म्हातारा चालत होता. बोधिसत्त्व त्याच गावात राहिला. त्याने एक साधी चूल मांडली. भिंतीवर काही लिहिले नाही. दारातच एक पान वाढून ठेवले आणि येणाऱ्याला सांगितले, “हे बघा, आत एवढंच मिळेल. पुरत असेल तर या.” तांडे त्याच्याकडे जाताना जेवत आणि येताना पुढच्या फेरीचीही शिदोरी बांधून घेत. तांडा सुखरूप पोचल्याची बातमी आल्यावर कुंभवतीचे महाजन पुढच्या पौर्णिमेला जमले आणि माळ वाढायचा थांबल्याबद्दल त्यांनी यक्षाचे आभार मानले.

ज्या दिवशी शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, त्या दिवशी विहारात एक तंटा झाला होता. तिथे अन्न वाटणारा एक वृद्ध स्थविर धाकट्या भिक्खूंच्या पात्रात तळाशी केळीचे पान दुमडून घाली आणि वरून भात पसरी. पात्र भरलेले दिसे आणि भिक्खू उपाशी उठत. एका उपासिकेने ते सर्वांसमोर बोलून दाखवले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा वासुल म्हणजे हा स्थविर. भूतपाल आणि महाजन म्हणजे हे बघूनही गप्प राहिलेले इतर ज्येष्ठ. तिलका म्हणजे ही उपासिका. हरिसेन म्हणजे उपाशीपोटी तक्रार न करणारा मागच्या रांगेतला एक भिक्खू. आणि सुजात मी होतो. त्या जन्मी मी वारसा सोडून सत्य धरले, म्हणून ही सत्यपारमीची कथा आहे.”

सुजात गेल्यानंतर वासुल चौदा वर्षे जगला. त्याला एकच भाचा होता, आणि तो परत आला नाही.