ओझ्याचा उंबर

फार जुनी गोष्ट. दाट रानाच्या डोंगराखाली एक गाव होतं, आणि त्या गावात एका घरात दोन जावा राहत होत्या. जावा म्हटल्या की भांड्याला भांडं लागायचंच, पण ह्या दोघींचं तसं नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा अगदी पोरसवदा होती. तिला चूल फुंकायलाही थोरलीनेच शिकवलं, आणि तव्याचा पहिला चटका बसला तेव्हा बोटाला लोणीही थोरलीनेच लावलं. म्हणून धाकटी तिला जाऊबाई म्हणायचीच नाही, अक्का म्हणायची.

पुढे अक्काच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग तांदळातले खडे दिसेनात. वैद्यबुवांनी पापण्या वर करून पाहिलं आणि म्हणाले, "वर्षभर दिसेल. पुढचं मी सांगत नाही."

अक्का रडली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, "यंदा कारवी फुलायची आहे. तेवढी बघायची राहिली गं माझी."

कारवी म्हणजे डोंगरावरचं झुडूप. सहा वर्षं नुसत्या हिरव्या काठ्या, आणि सातव्या वर्षी असं फुलतं की अख्खी उतरण जांभळी होऊन जाते. अक्काचं माहेर लांब देशावरचं, तिकडे कारवी नाही. सासरी आल्यावर एका फुलोऱ्याला सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि दुसऱ्याला धाकटीचं बाळंतपण. दोन्ही वेळा अक्का घरातच राहिली होती.

"मी नेते तुम्हाला," धाकटी म्हणाली. "सकाळी निघू, दिवस मावळायच्या आत घरी."

वाट तशी फार अवघड नव्हती. अर्ध्या वाटेपर्यंत तर गावातल्या बायका रोज सरपणाला जायच्या. पुढे चढ होता, पण सावकाश चढलं की जमत होतं. नियम एकच होता. सूर्य डोक्यावर आला की जिथे असू तिथून मागे फिरायचं, कारण दुपारनंतर वरून धुकं उतरतं आणि पायाखालची वाटसुद्धा दिसत नाही.

भाद्रपद लागला. माथा जांभळा झाल्याची बातमी आली. बायका घोळक्याने जाऊनही आल्या. धाकटीची मात्र तयारी चाललीच होती. तिचा स्वभावच काळजीचा. रानात जळवा असतात, म्हणून तिने मीठ कुटलं. अक्का पडल्या तर, म्हणून हळद दळली आणि चिंध्या फाडून ठेवल्या. पाऊस आला तर दोन घोंगड्या. भिजलो तर दुसरी लुगडी. वहाण तुटली तर दुसऱ्या वहाणा. कुणी घसरलं तर दोर. आणि वाट चुकलीच तर दोन दिवसांच्या भाकरी. असं करता करता बारा दिवस गेले.

अक्का दारात बसून बघत होती. "अगं, डोंगरावर जायचंय का डोंगरच बरोबर न्यायचाय?"

"असू दे अक्का, वेळ काय सांगून येते?"

"मग चूल पण बांध. आणि वरून मला बांध, म्हणजे काही राहायला नको."

धाकटी हसली, आणि हसता हसता एक पातेलंही गाठोड्यात घातलं.

तेराव्या दिवशी तांबडं फुटताना दोघी निघाल्या. अक्काच्या हातात काठी, धाकटीच्या डोक्यावर गाठोडं आणि खांद्यावर दोर. अक्काला अंधूक दिसत होतं, तरी तिचे पाय भराभर पडत होते. थांबायची ती धाकटीसाठीच. धाकटी धापा टाकत यायची, गाठोडं उतरवायची, मान चोळायची आणि परत उचलायची.

अर्ध्या वाटेवर एक मोठा उंबर होता. त्याला सगळे ओझ्याचा उंबर म्हणत. तिथून पुढे खडा चढ, म्हणून वर जाणारा प्रत्येक जण आपलं ओझं त्याच्या फांदीला अडकवायचा, पाण्याचा भोपळा तेवढा बरोबर घ्यायचा आणि येताना ओझं सोडून न्यायचा. दुसऱ्याच्या ओझ्याला कुणी हात लावत नसे. ती त्या डोंगराची रीतच होती.

उंबराखाली मध काढणारा एक म्हातारा आपला हंडा फांदीला टांगत होता. त्याने धाकटीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाई, बिऱ्हाड हलवताय काय?"

"नाही हो बाबा. कारवी बघायला चाललोय."

"मग टांगा ते इथं. आणि पाय उचला. फुलं शेवटाला आलीत, चार दिवस राहतील फार तर. आणि ऊन बघा कुठवर आलंय."

धाकटीने फांद्यांकडे पाहिलं. कोयते होते, मोळ्या होत्या, कुणाची शिदोरी होती. तिचा हात गाठीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"ठेव गं," अक्का म्हणाली.

"आणि माकडांनी सोडलं तर? पाऊस आला तर? वर तुम्ही घसरलात तर हळद कुठून आणू मी?"

"मी घसरले तर तू आहेस की. तू मला पुरे."

"तुम्हाला नाही कळायचं अक्का," धाकटी म्हणाली, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन चढायला लागली.

म्हातारा झपाझप वर निघून गेला.

चढ सुरू झाला. गाठोडं करवंदीच्या काट्यांत अडकायचं, दोर दगडात अडकायचा. दहा पावलं की विसावा. अक्का पुढे जायची, काठी टेकून उभी राहायची आणि वर बघत म्हणायची, "चल बाई, चल." एकटीने पुढे जायला तिच्या डोळ्यांचा भरवसा नव्हता.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा तो म्हातारा वरून परत येताना भेटला. त्याच्या मुंडाशाला जांभळी फुलं चिकटली होती.

"किती राहिलं बाबा?" अक्काने विचारलं.

"दोनच वळणं. पण धुकं निघालंय माय. आता जाऊ नका."

अक्का धाकटीकडे बघत राहिली. धाकटीने मान खाली घातली आणि म्हणाली, "फिरू या अक्का. परवा परत येऊ."

दोघी फिरल्या. उंबरापाशी पोचेपर्यंत धुक्याने मागचा डोंगर पुसून टाकला होता. मागे फिरल्या हे बरोबरच झालं. चूक झाली होती ती आधी, उंबराखाली.

त्या रात्री पाऊस लागला तो नऊ दिवस उघडला नाही. ओढ्याच्या पाण्यातून जांभळ्या पाकळ्या वाहत गावात आल्या, त्याही मातकट झालेल्या. वर्ष संपायच्या आत अक्काला दिवा आणि अंधार सारखाच झाला.

सात वर्षांनी कारवी पुन्हा फुलली.

"तू जाऊन ये," अक्का म्हणाली. "आणि मला सांग."

धाकटी गेली. शेवटची दोन वळणं ती चढली, तेव्हा ती वळणं किती लहान होती ते तिच्या लक्षात आलं. समोर सगळी उतरण फुलली होती, पण तिला धड बघवेना. एक डहाळी घेऊन ती लगबगीने खाली आली.

अक्काने डहाळीवरून बोटं फिरवली. "रंग कसा गं?"

"जांभळा."

"जांभळा म्हणजे? वांग्यासारखा?"

"नाही, तेवढा काळपट नाही. जरा निळा."

"आणि लांबून, सगळी मिळून कशी दिसते?"

धाकटीने लुगड्याचा रंग सांगून पाहिला, संध्याकाळच्या ढगाचा सांगून पाहिला. एकही पुरा पडेना.

"चांगलीच दिसत असेल," अक्का म्हणाली, आणि डहाळी मांडीवर घेऊन बसून राहिली.

धाकटी आत गेली. चुलीत जाळ नव्हता, तरी बराच वेळ ती डोळ्यांत धूर गेल्यासारखी पदराने डोळे पुसत होती.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाची काळजी जरूर करावी, पण ती इतकी जड होऊ देऊ नये की ज्याच्यासाठी निघालो त्याचंच बघायचं राहून जाईल.