कवडीआत्याचा खळगा

त्या कोंबड्यांच्या राज्यात चिखल मुबलक होता आणि पराक्रम औषधालासुद्धा नव्हता. तेव्हा पराक्रम चिखलाचाच करायचे ठरले.

फार पूर्वी तिथे डोंगराएवढे महासरडे नांदत, हे सगळे ऐकून होते. राजे तुरेरावांनी एका सकाळी कुंपणावर चढून सांगितले, की आपल्या पूर्वजांनी त्या महासरड्यांना वेसण घातली होती आणि त्यांच्या पाठीवर बसून ते आरवत. पुरावा हवा म्हणून कुंभारीण माशीकडून मातीच्या मूर्ती करवल्या, महासरडा खाली, कोंबडा वर. त्या उकिरड्यात पुरल्या आणि गाजावाजा करून उकरल्या. एकीची शेपटी ओलीच निघाली. प्रधान बदकाने ती ओल प्राचीन ठरवली.

आता मूर्तींना शोभेशी जागा हवी. राज्यात एकच खळगा ऐटदार होता, उघड्या खडकातला. त्यात पाचोळा पसरून म्हातारी कवडीआत्या खुडूक बसली होती. या वयात पुन्हा अंडी होणार नव्हती, आणि ही तर फुटायला आली होती.

"आत्या, उठा. इथे इतिहास ठेवायचाय," बदक म्हणाले.

"इतिहासाला ऊब लागत नाही, पसरटचोच्या. अंड्यांना लागते."

"पूर्वजांचा मान आहे हा."

"त्या मूर्तींत कोंबडी कुठं दिसत नाही ती?"

"ती घरी असेल."

"मग पूर्वज काय आभाळातून पडले?"

शिपायांनी तिला उचललेच. अंडी बाजूला झाली, पाचोळा उडाला आणि खळगा उघडा पडला. तीन लांब बोटे पुढे, टाच मागे, नखांच्या टोकांसकट. तुरेरावांनी आपला पाय हळूच पिसांत घेतला.

"हा तर कोंबडीचा पाय," ते शेवटी म्हणाले. "कुणीतरी मोठा करून कोरलाय."

"बनावट," बदकाने निकाल दिला. "खोट्याशेजारी आपल्या मूर्ती कशा ठेवायच्या?" ओल्या शेपटीची मूर्ती खडकाजवळ उन्हात वाळत ठेवून सगळे दुसरी जागा शोधायला गेले.

आत्याने अंडी चोचीने पुन्हा खळग्यात ओढून पोटाखाली घेतली. ती गार लागली. आत्या पिसे फुलवून, शिव्या देत बसून राहिली. ऊन कलताना एका अंड्यात टकटक झाली.

पिल्लू ओलेचिंब बाहेर आले, खडकातल्या मधल्या बोटावरून धडपडत निघाले आणि थेट मूर्तीवर चढले.

"जपून टाक पाय, बाळा," आत्या म्हणाली.

महासरड्याची शेपटी अजून ओलीच होती. तिच्यावर तीन इवली बोटे उमटली, मागे टाच, नखांच्या टोकांसकट.