नदीच्या पायऱ्या आणि सभेचं ताक

फार पूर्वी एका नदीच्या काठी एक नगर होतं. गाव म्हणावं तर मोठं आणि शहर म्हणावं तर लाजेल, एवढंच. नगराला एक वेस होती, वेशीत एक पाणपोई होती, आणि वेशीवरच्या माडीत दर अमावास्येला सकाळी नगराची सभा भरायची. अमावास्याच का, तर त्या दिवशी कुणी लग्नमुंज काढत नाही, म्हणून सगळे सभासद मोकळे सापडतात.

सभेला एक अध्यक्ष होते, विषय वाचायला एक कारभारी होता, आणि बाकीचे सभासद भिंतीला टेकून बसायचे. सगळे भले लोक. कुणी लाच खात नव्हतं, कुणी कुणाचं वाईट चिंतत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गोष्टीत एखादा दुष्ट असला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. या गोष्टीत तसा कुणी नाही.

सभेचे काही जुने रिवाज होते. नगरात किंवा पंचक्रोशीत कुणी वारलं, की दुखवट्याचा ठराव सर्वांत आधी. सगळ्यांनी उभं राहायचं, मान खाली घालायची आणि मन शांत झालं की बसायचं. शेवटचा माणूस बसेपर्यंत कारभाऱ्याने पुढचा विषय वाचायचा नाही, आणि तोवर कुणी अन्नपाण्याला हात लावायचा नाही. हा रिवाज चांगलाच होता.

दुपार चढली की ताकवाली दोन घडे घेऊन माडी चढायची. ताक आलं की सभा उठायची. ताक तापलं तर आंबतं, विषय काही आंबत नाहीत, असं जुने लोक म्हणत. मग जे विषय राहिले ते पुढच्या सभेत घ्यायचे, पण तळाला. नव्या विषयांना आधी मान. असं का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता दुरडीत रोज ताजी भाकरी वर ठेवत गेलं, तर तळातली भाकरी कुणाच्या ताटात येणार? घरी हे प्रत्येकाला कळत होतं. माडी चढून आलं की कळेनासं व्हायचं.

अशा तळाला गेलेल्या विषयांत एक विषय नदीच्या पायऱ्यांचा होता. नगराच्या खालच्या अंगाला नदीवर उतरायला दगडी पायऱ्या होत्या, उभ्या आणि झिजलेल्या. एका बाजूला डोंगर, दुसरी बाजू उघडी, आणि खाली खडक. पाणपोई चालवणारा म्हातारा या पायऱ्यांनी रोज नदीचं पाणी वर आणायचा. वेशीतले रांजण भरायचा, आणि सभेच्या दिवशी एक घागर माडीवर नेऊन सभासदांच्या तांब्याच्या हंड्यात ओतायचा. त्याचं मागणं एवढंच होतं, की पायऱ्यांच्या उघड्या बाजूला एक कठडा घालावा.

"दगडी नगं," तो म्हणायचा. "लाकडी बी चालंल. हाताला धराया कायतरी असलं म्हंजी झालं."

विषय कागदावर चढला. "खालच्या आळीतील एका रहिवाशाची कठड्याची विनंती", असा. मग तो दर सभेला कागदाच्या तळाशी असायचा आणि दर सभेला त्याच्या आधी ताक यायचं. म्हातारा हंडा भरून माडीच्या दाराशी बसायचा, ताक आलेलं बघायचा आणि रिकामी घागर उचलून खाली उतरायचा. त्याने कधी तक्रार केली नाही. तक्रार करणाऱ्याचं काम लवकर होतं हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

सभासदांमध्ये एक पंतोजी होते. वयाने सर्वांत मोठे. अध्यक्षांपासून कारभाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्यांनीच धुळाक्षरं शिकवलेली. एके काळी पंतोजी सभेत फार बोलायचे. हा रिवाज बदला, तो विषय आधी घ्या, म्हणून भांडायचे. लोक ऐकून घ्यायचे, "पंतोजींचं म्हणणं बरोबर आहे" असं म्हणायचे, आणि पुन्हा मागल्यासारखंच करायचे. पालथ्या घड्यावर किती वर्षं पाणी ओतणार? पंतोजी थकले. आताशा ते सगळ्याच ठरावांना हात वर करायचे आणि गुडघे चोळत ताकाची वाट बघायचे. थकणं हा काही दुर्गुण नाही. पण दुर्गुणाच्या शेजारीच त्याचं घर असतं, आणि रात्रंदिवस जाणं-येणं असतं.

वैशाखातल्या अमावास्येला पंतोजी धापा टाकत माडी चढत होते. म्हातारा घागर रिकामी करून दाराशी बसला होता.

"पंतोजी," तो म्हणाला, "मिरगाच्या आत आमचं तेवढं व्हईल का? पाऊस लागला की पायऱ्यांस्नी शेवाळ धरतं. माजा पाय आता पयल्यागत ऱ्हायला न्हाई."

पंतोजींना मनापासून वाईट वाटलं. "होईल," ते म्हणाले. "आज मी स्वतः उठून बोलतो."

सभा सुरू झाली. पहिला ठराव दुखवट्याचा. नदीपलीकडच्या सरदारांचा हत्ती वारला होता. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. एका जाडजूड सराफांना खाली बसायला जरा वेळ लागला, तेवढा वेळ कारभारी हातात कागद धरून थांबला. दुसरा ठराव अभिनंदनाचा. त्याच सरदारांनी नवा हत्ती घेतला होता. मग जत्रेतले पाळणे कुठे लावायचे ते झालं, वेशीवरच्या दिव्यांचं तेल झालं, मोकाट शेळ्या झाल्या. मग बाजाराचा विषय निघाला. भाजीवाल्यांनी पूर्वेकडे तोंड करून बसावं की पश्चिमेकडे? सराफ म्हणाले, पूर्वेकडे बसले तर सकाळी ऊन डोळ्यावर येतं. हलवाई म्हणाले, पश्चिमेकडे बसले तर संध्याकाळी येतं. दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद मिटेना. शेवटी ज्याला जसं बसायचं तसं बसू द्यावं, असा ठराव झाला. भाजीवाले आधीपासून तसेच बसत होते.

कागदावर आता शेवटचाच विषय उरला होता. पंतोजींनी जमिनीवर हात टेकला आणि ते अर्धवट उठले. तेवढ्यात जिन्यावर जोडव्यांचा आवाज आला. ताकवाली आली होती. हिंग-कोथिंबिरीचा वास माडीभर पसरला. अध्यक्षांनी उपरणं झटकलं, सराफांनी पेला पुढे केला.

पंतोजी तसेच अर्धवट उभे होते. "थांबा, एक विषय राहिलाय", एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. कुणीतरी उसासा टाकला असता. कुणीतरी "पंतोजींचं म्हणणं बरोबर आहे" असं म्हटलं असतं. त्या उसाशाचाच त्यांना कंटाळा आला. गुडघ्यातून कळ निघाली आणि पंतोजी खाली बसले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याच्या मात्र आलं. पंतोजींनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तोच हसून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. फुडल्या खेपंला."

पंतोजी ताक प्यायले. चांगलं होतं ताक. पण अर्धा पेला तसाच राहिला.

मग मृग आला, पाऊस लागला, पायऱ्यांना शेवाळ धरलं. ज्येष्ठातल्या अमावास्येला सभा भरली. हवा कोंदलेली होती, माडीवर अंगाला घाम फुटत होता. कारभाऱ्याने कागद उलगडला.

"विषय पहिला," तो वाचू लागला. "दुखवटा. वेशीतल्या पाणपोईचे सेवेकरी सटवाजी हे नदीच्या पायऱ्यांवरून पाय घसरून वारले. ही सभा दुःख व्यक्त करते."

सगळे उभे राहिले. सटवाजी हे म्हाताऱ्याचं नाव. सभेत ते आज पहिल्यांदा वाचलं गेलं, आणि कागदाच्या सर्वांत वरच्या ओळीत. इतके दिवस जो तळाशी होता त्याला वर यायला एवढं करावं लागलं. पंतोजींनी खाली मान घातली ती त्यांना वर उचलवेना.

थोड्या वेळाने अध्यक्ष बसले. सराफ बसले, हलवाई बसले. एकेक करून सगळे बसले. पंतोजी उभेच राहिले.

कारभारी हातात कागद धरून थांबला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "पंतोजी, झालं. बसा आता."

"माझं मन शांत झालेलं नाही," पंतोजी म्हणाले.

"दुःख आम्हालाही आहे. पण कामं खोळंबलीत. पोळ्याच्या मिरवणुकीचं ठरायचंय."

"कठड्याचंही ठरायचंय."

"तो विषय आहे ना कागदावर. शेवटी आहे. शेवटी घेऊ."

"शेवट कधी येत नाही, अध्यक्षमहाराज," पंतोजी म्हणाले. "शेवटाच्या आधी ताक येतं."

कुणीतरी उसासा टाकला. पंतोजींनी तो ऐकला. तो त्यांना वाटला होता तेवढा जड नव्हता.

मग वेळ जाऊ लागला. रिवाजच तसा होता. एकही माणूस उभा आहे तोवर पुढचा विषय वाचता येत नाही, पाण्यालाही हात लावता येत नाही. सराफ अवघडून पुन्हा उभे राहिले, पुन्हा बसले. हलवायांनी पंच्याने मान पुसली. दुपार चढली, ताकवाली आली आणि सगळे गप्प बसलेले बघून तीही घडे कोपऱ्यात ठेवून गप्प उभी राहिली. कोंदट हवेत ताकाला वास सुटू लागला. पंतोजींनी भिंतीला हात टेकला. बसावंसं त्यांना फार वाटत होतं. जन्मात कधी वाटलं नव्हतं एवढं.

तेवढ्यात जिना चढून एक म्हातारी वर आली. डोक्यावर पदर, कडेवर पाण्याची घागर. सटवाजीची बायको. तिने मुकाट्याने हंड्याचं झाकण काढलं, सकाळी सभेआधी तिनेच भरलेला हंडा तसाच आहे हे बघितलं आणि तिला काही उमगेना. मग भिंतीला हात टेकून उभे असलेले पंतोजी तिला दिसले.

"बसा की पंतोजी," ती म्हणाली. "गुडघं दुखत असतील."

पंतोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, हे पाणी कुठून आणलंत?"

"नदीवरनं. दुसरं कुटनं आणणार?"

"कोणत्या वाटेने?"

"वाट एकच हाय की," ती म्हणाली. "वेशीत वाटसरू येत्यात. रांजण कोरडा ठिवून कसं चालंल? ह्येंनी कदी ठिवला न्हाई."

सकाळी सभेला येता येता वेशीत थांबून प्रत्येक जण त्या रांजणातलं पाणी प्यायला होता. ते कुणी भरलं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. पाणी आपलं असतंच, तसं ते होतं.

अध्यक्षांनी म्हातारीच्या पायांकडे बघितलं. घोट्यापर्यंत हिरवं शेवाळ लागलं होतं. मग ते कारभाऱ्याकडे वळले. "शेवटचा विषय वाचा."

"दुखवट्याच्या मध्येच?" कारभारी गोंधळला.

"दुखवट्याचाच आहे तो. वाचा."

कारभाऱ्याने वाचलं. अध्यक्षांनी विचारलं, "मंजूर?" सगळे म्हणाले, "मंजूर." सुताराला आजच बोलावून घ्यावं असंही ठरलं. वाचून मंजूर करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ताकाचा एक पेलाही रिकामा होत नाही.

मग पंतोजी बसले. हलवाई म्हणाले, "वा, पंतोजी. जिंकलात आज." पंतोजी गुडघे चोळत राहिले. आज जेवढं उभं राहावं लागलं, त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं गेल्या अमावास्येला उभं राहायचं होतं. हे त्यांना कळत होतं, आणि उरलेल्या आयुष्यात रोज कळणार होतं. ताक त्या दिवशी आंबलं. ते कुणी प्यायलं नाही.

पौर्णिमेच्या आत कठडा उभा राहिला. सागाचा, कमरेला येईल एवढा, वरून गुळगुळीत तासलेला. पंतोजी बघायला गेले तेव्हा म्हातारी भरलेली घागर घेऊन चढत होती. एक हात घागरीला, एक हात कठड्याला. वरच्या पायरीवर येऊन तिने घागर खाली टेकली.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "त्येंच्या हाताला बरोबर आला असता."

पंतोजींनी घागर उचलायला हात पुढे केला, तर तिने ती आधीच उचलली होती.

पुढे काही वर्षं त्या नगरात राहिलेले विषय आधी घ्यायची पद्धत पडली, असं म्हणतात. मग ती हळूहळू मागे पडली, असंही म्हणतात. माणसं थकतात, दुपारही होतेच. कठडा मात्र अजून आहे, आणि चढणारे लोक त्याला धरतात. तो कुणामुळे झाला हे त्यांना ठाऊक नसतं.

तात्पर्य: दमलेल्याने जरूर बसावं, पण ज्याचं काम आपल्या एका शब्दावर अडलंय, त्याच्यासाठी तो शब्द बोलावा आणि मग बसावं. माणूस गेल्यावर उभं राहायला सगळेच राहतात.