दारफाळणीच्या दिवशी उघडलेलं दार

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका, माझ्या पणजीलाही ती जुनीच वाटायची. लहानांनी पुढे बसून ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

कोकणात एका खाडीच्या काठी तेल्यांची एक आळी होती. तिथले लोक बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज म्हणे गलबत फुटून या किनाऱ्याला लागले. पोथ्या समुद्रात गेल्या, सामानसुमान गेलं, पण डोक्यात होतं तेवढं वाचलं. देव एकच. त्याला रूप नाही, मूर्ती नाही. त्यानं आपल्या वाडवडिलांशी करार केला आहे की तुम्ही माझे, मी तुमचा, माझ्या आज्ञा पाळा. त्यातलीच एक आज्ञा शनिवारची, म्हणजे शब्बाथची; तो शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू व्हायचा. त्या दिवशी काम करायचं नाही. चूल पेटवायची नाही, घाणा फिरवायचा नाही. घाण्याच्या बैलालासुद्धा सुट्टी!

शिवाय वर्षातून एकदा दारफाळणीचा सण यायचा. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, कडक उपास करायचा आणि घराची दारं लावून घ्यायची. ना कोणाकडे जायचं, ना कोणाला घरात घ्यायचं. आत बसून देवाजवळ वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागायची. संध्याकाळ झाली की दारं उघडायची.

या आळीत हसाजी नावाचा एक तेली होता. माणूस मेहनती, सरळ, पण आज्ञांच्या बाबतीत असा कडक की विचारू नका. स्वतः पाळायचा ते पाळायचाच, वर दुसरा पाळतो की नाही यावरही डोळा. शुक्रवारी सूर्य कलला आणि कोणाच्या घाण्याची करकर थांबली नाही, की हा दारात हजर. बायका आपसांत म्हणायच्या, "शनिवारी बैलाला विसावा आहे बाई, हसाजीच्या डोळ्यांना नाही."

तरी लोक त्याला मानायचे. आळीत प्रार्थना सांगण्याचा मान बनाजीआजाकडे होता. आजा थकला होता आणि हा मान आता हसाजीकडे जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सगळ्यांच्या आधी खुद्द हसाजीनं.

एका शनिवारी काय झालं, हसाजी खाडीकडे फिरायला गेला, तर शेवटच्या घरातून धूर! ते घर शेगुलाआत्याचं. बाई म्हातारी, एकटी, जिभेची जराशी फटकळ. आळीतल्या निम्म्या पोरांना तिनंच पहिली आंघोळ घातलेली. हसाजीलाही. हसाजीनं तो धूर पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं. दोन पावलं पुढे जाऊन विचारायचं की नाही? छे! तो तसाच माघारी वळला.

संध्याकाळी शब्बाथ सुटला. सगळे बनाजीआजाच्या अंगणात जमले. शेगुलाआत्या आली, नेहमीच्या जागी बसायला लागली, तोच हसाजी उभा राहिला.

"आधी हिला विचारा," तो म्हणाला, "आज हिच्या घरात चूल कशी पेटली? मी माझ्या डोळ्यांनी धूर पाहिला."

सगळ्या माना आत्याकडे वळल्या. ती गोंधळली. "अरे हसाजी, ऐक तरी आधी..."

"काय ऐकायचं? जिच्या चुलीतून शनिवारी धूर निघतो, तिच्या तोंडचं काय ऐकायचं? करार मोडलास तू, आत्या. आमच्यात बसायचं तोंड आहे का तुला?"

अंगणात कोणी हूं की चूं केलं नाही. बनाजीआजाही गप्प राहिला. खरं तर त्यानं बोलायला हवं होतं. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, पदर सावरला आणि निघून गेली.

त्या दिवसापासून कोणी तिला विस्तव देईना, कोणी तिच्या हातचं पाणी घेईना. एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं मलिद्याची, म्हणजे गोड पोह्यांची, ताटं व्हायची, तिला बोलावणं नसायचं. बाळंतिणींनाही दुसरी सुईण बघावी लागली. आणि आत्या? तिनंही तोंडाला कुलूप घातलं. ज्याला विचारायचं नाही, त्याला सांगून काय उपयोग, असं तिला वाटलं. म्हातारी मानी होती.

महिने गेले. दारफाळणीचा सण आला. आदल्या दुपारी हसाजी घाण्याचा कठडा पुसत होता, तेव्हा एक कोळी आळीत शिरला. धाकू त्याचं नाव. कडेवर गुटगुटीत पोर, हातात नारळ.

"दादा," तो म्हणाला, "ती खाडीकडची म्हातारी आई अजून आहे ना? दाराला कडी दिसली. कुठं गेली असेल?"

"तिच्याशी तुझं काय काम?"

"काम? अहो, हे पोर तिचं देणं आहे! होडीतच माझ्या बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. किनाऱ्याला लागलो तर पहिलं घर तिचं. पोर झालं ते गारठलेलं, निळं पडलेलं, रडेना. म्हातारी म्हणाली, आज आमची चूल पेटत नाही बाबा, पण जीव वाचवायचा असला की देवच म्हणतो पेटव. तिनं पाणी तापवलं, पोराला शेकलं, तेव्हा कुठं ह्यानं टाहो फोडला. भरतीची वेळ साधून आम्ही दुपारीच निघालो, धड पायाही पडलो नाही तिच्या."

हसाजी पुसता पुसता थांबला. "कुठल्या वारी?" त्यानं विचारलं, खरं तर त्याला कळलं होतं.

"शनिवारीच की! म्हणून तर चूल बंद होती."

धाकू आत्याला शोधत विहिरीकडे गेला. हसाजी तिथेच मटकन खाली बसला. त्याचे कान तापले. कुठे तोंड लपवावं असं झालं. ज्या बाईनं देवाची आज्ञा पाळली, तिला त्यानं देवाच्याच नावानं हाकललं होतं. आणि कोणासमोर? सगळ्यांसमोर.

त्याची बायको हन्नाबाई ओसरीवरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, जा आत्याकडे. अजून दिवस आहे."

"आता?" हसाजी म्हणाला. "आंघोळ व्हायची आहे, उन्हं उतरली. आणि उद्या उपास आहेच की. देवापुढे रडेन. देव मोठा आहे, पोटात घालील."

"देव घालील हो. पण भाजली ती आत्या. तिचं काय?"

"लोक बघतील, हन्ना," तो हळूच म्हणाला. खरं कारण ते होतं. सण झाला की प्रार्थनेचा मान मिळणार आणि आज त्या दारात नाक घासायचं? त्यानं आंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आळीत चिटपाखरू नव्हतं. घराघरातून प्रार्थनेची पुटपुट तेवढी ऐकू येत होती. हसाजीही प्रार्थनेला उभा राहिला. या लोकांची सगळ्यात मोठी प्रार्थना अशी: 'ऐक, इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे.' दूधपित्या वयापासून पाठ! हसाजीनं तोंड उघडलं, 'ऐक' म्हणाला आणि थांबला. पुन्हा म्हणाला, पुन्हा थांबला. रोज दोन वेळा तो हे म्हणत होता. देवानं आपल्या लोकांना सगळ्यात आधी काय सांगितलं, तर ऐका. आणि म्हातारी नेमकं तेच मागत होती, तर त्यानं तिला बोलू दिलं नव्हतं.

त्याला हुंदका आला. "देवा, मला क्षमा कर," तो म्हणाला. पण म्हणताना त्यालाच लाज वाटली. मारायचं एकाला आणि पाया पडायचं दुसऱ्याच्या, हा कुठला न्याय? आत्याच्या हातात होती ती क्षमा तो देवाकडे परस्पर मागत होता.

दुपार झाली. उन्हानं आळी पांढरी पडली होती. हसाजी दाराशी गेला आणि त्यानं अडसर काढला.

हन्नाबाई दचकली. "अहो, आज?"

"काल जायला हवं होतं," तो म्हणाला. "काल मला लोकांची लाज वाटली. आज माझीच वाटते आहे."

त्यानं दार उघडलं. कर्र आवाज झाला आणि साऱ्या आळीतली पुटपुट थांबली. अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत, मान खाली घालून हसाजी चालू लागला. फटीफटींना डोळे लागले. अरे देवा! दारफाळणीच्या दिवशी दार उघडलं, तेही हसाजीनं! ज्यानं सगळ्यांच्या चुका वेचल्या, तोच भर दुपारी रीत मोडून निघाला होता. ती वाट काही लांब नव्हती, पण जन्मात त्याला एवढी लांब वाट लागली नव्हती.

त्यानं आत्याचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी हसाजी."

"आज कोणी कोणाला दार उघडत नाही. तुला ठाऊक नाही होय?"

"आत्या, मी चुकलो. तो कोळी काल भेटला. मला सगळं कळलं."

आत पावलं दाराजवळ आली. मग आत्या म्हणाली, "कळलं म्हणून आलास. कळलं नसतं तर मेले असते मी अशीच, होय ना?"

तो म्हणाला, "होय."

"आणि माझी अब्रू घेतलीस ती भर अंगणात. माफी मात्र फटीतून मागतोस? जा बाबा. मला प्रार्थना करू दे."

हसाजीच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहिलं. तो वळला. क्षणभर त्याला वाटलं, घरी जावं, दार लावावं, पुन्हा कोणाला तोंड दाखवू नये. पण तो आळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि उपाशी पोटी, कोरड्या घशानं ओरडला,

"ऐका हो! शेगुलाआत्यानं करार मोडला नाही. तिनं शनिवारी चूल पेटवली ती एक लेकरू वाचवायला. आज्ञा तिनं पाळली, मी नाही. मी तिला विचारलं नाही, तिला बोलू दिलं नाही. तुमच्यासमोर मी तिचं तोंड काळं केलं, म्हणून तुमच्यासमोर सांगतो, दोष माझा आहे. आणि कालच कळूनही तुमच्या भीतीनं मी घरात लपून बसलो."

पहिलं दार उघडलं ते बनाजीआजाचं. म्हातारा काठी टेकत बाहेर आला. "दार लावायची रीत आपली आहे, हसाजी," तो म्हणाला. "पाडलेल्या माणसाला उभं करायची आज्ञा देवाची आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो, म्हणून माझीही वाट तिकडेच जाते." मग आणखी दारं उघडली. सगळी नाही, दोन-तीन घरं शेवटपर्यंत बंदच राहिली. जे आले ते मुकाट्यानं आत्याच्या अंगणात जाऊन उभे राहिले, कारण तिला वाळीत टाकायला हसाजी एकटा पुरला नव्हता.

शेवटी आत्यानं दार उघडलं. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, मग हसाजीकडे.

"माफ केलं म्हणून मन लगेच निवळतं असं नाही," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल. पण उन्हात उभा राहू नकोस मेल्या, उपाशीपोटी घेरी येईल. ये, सावलीला बस."

त्या वर्षी आळीनं उरलेली प्रार्थना तिच्याच ओसरीवर केली.

प्रार्थना सांगण्याचा मान हसाजीला मिळाला नाही. आजानं देऊ केला होता, पण तो म्हणाला, "नको. मला अजून ऐकायला शिकायचं आहे." पुढे दर वर्षी दारफाळणीच्या आदल्या दिवशी आळीतला प्रत्येकजण दुसऱ्याच्या दारी जाऊन 'माझं काही चुकलं असेल तर सांग' असं विचारू लागला, आणि मगच आपलं दार लावू लागला. सगळ्यात आधी हसाजी निघायचा. म्हातारा झाला तरी त्या दिवशी त्याची मान खालीच असायची, आणि कोणी ती वर करायला सांगितलं नाही.

म्हणून सांगतो, माणसाचा केलेला अपराध माणसाच्याच दारी जाऊन फेडावा. देव तो परस्पर माफ करत नाही.